पंढरपूरचा उंबरठा : देवळाचं दार आणि वारीची वाट

आजचा विषय तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातला आहे. पंढरपूर. कुणाचे आजोबा वारी करायचे, कुणाच्या आईच्या गळ्यात माळ होती, कुणी स्वतः दरवर्षी दिवेघाट चढता. त्यामुळे विठ्ठलाचं माहात्म्य सांगायला आम्ही इथे उभे नाही. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आज आपण फक्त एका जागेचा इतिहास पाहू. ती जागा म्हणजे विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोरची काही पावलं.

जरा डोळ्यासमोर आणा. तुम्ही चंद्रभागेत स्नान करून, महाद्वार घाट चढून देवळाकडे निघालात. देवळाचं मुख्य दार पूर्वेला, नदीच्या बाजूला. दाराशी पोचायच्या आधीच एक लहानशी समाधी लागते, ती संत चोखामेळ्याची. तिच्यापुढे डोकं टेकून चार पावलं पुढे गेलं की दाराची पायरी येते, ती नामदेव पायरी. तिच्यावर पाय द्यायचा नाही, ती ओलांडून आत जायचं. आता या दोन जागांमध्ये अंतर किती? फार तर एखादा रस्ता ओलांडण्याइतकं. चोखोबा आणि नामदेव समकालीन होते, एकमेकांना ओळखणारे, एकाच देवाचे भक्त होते. एक दाराच्या पायरीपाशी आहे आणि दुसरा दारासमोर, पण बाहेर. ही चार पावलं ओलांडायला महाराष्ट्राला सहाशेहून जास्त वर्षं लागली. ती का लागली आणि शेवटी कशी ओलांडली गेली, एवढाच आजचा विषय.

आधी देवळाचं वय बघू. पंढरपूरच्या विठ्ठलाचा भक्कम कागद म्हणजे इथले शिलालेख. शके ११११ म्हणजे इसवी सन ११८९ चा एक लेख आहे. १२३७ चा एक लेख होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला आहे. त्यात भीमेच्या काठच्या या क्षेत्राला दान दिल्याची नोंद सापडते. होयसळ म्हणजे कर्नाटकातले राजे. तेव्हा विठ्ठल हा 'कानडा' का, असा प्रश्न आपल्याकडे कवी आणि संशोधक दोघांनाही पडत आलेला आहे. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ याच प्रश्नाच्या मुळाशी जातो. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी तो जरूर वाचावा.

यानंतर येतो तो प्रसिद्ध 'चौऱ्यांशीचा लेख', १२७३ ते १२७७ या काळातला, यादव राजा रामचंद्राच्या राजवटीतला. याला हे नाव का पडलं? तर या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी लोकांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून दगड गुळगुळीत झाला. आता गंमत बघा, त्या लेखात मोक्षाबद्दल काही नाही. देवळाला देणग्या कुणी दिल्या त्यांची ती यादी आहे. ठिकठिकाणच्या माणसांची नावं आणि त्यांनी दिलेल्या रकमा. आजही देवळात गेलं की भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या दिसतात, तसाच तो प्रकार. म्हणजे तेराव्या शतकात पंढरपूर हे दूरदूरच्या लोकांनी पैसे देऊन उभं केलेलं देऊळ होतं, याचा हा दगडी पुरावा.

इथे एक फरक ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पंढरपुरात दोन वेगळ्या संस्था आहेत. एक देऊळ आणि दुसरी वारी. आपण दोन्ही एकत्रच बोलतो, पण त्यांचा कारभार वेगळा, माणसं वेगळी, नियमही वेगळे.

देवळाचा कारभार आधी घेऊ. विठ्ठलाच्या देवळाची व्यवस्था परंपरेने बडवे मंडळींकडे होती. रुक्मिणीची व्यवस्था उत्पातांकडे. आणि विठ्ठलाच्या नित्योपचारासाठी सात सेवाधारी घराणी होती : पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. प्रत्येकाचं काम ठरलेलं. पुजाऱ्याने प्रत्यक्ष पूजा करायची, बेणाऱ्याने मंत्र म्हणायचे, परिचारकाने स्नानाचं पाणी आणायचं, हरिदासाने पदं म्हणायची, डिंगऱ्याने आरसा दाखवायचा, दिवट्याने दिवटी धरायची, डांग्याने दंड घेऊन उभं राहायचं. राजाच्या दरबारात असते तशी ही रचना. आणि दरबारासारखीच ती वंशपरंपरागत. वडिलांचा हक्क मुलाकडे, भावाभावांत वाटणी, वाटणीवरून तंटे, तंट्यांचे निवाडे. आपल्या गावात पाटीलकी किंवा कुलकर्ण्याचं वतन जसं चालायचं, तशीच देवाची सेवा हे वतन होतं. देवापुढे आलेल्या दक्षिणेवर त्यातून हक्क निर्माण झाला. पुढे तर ठरावीक दिवसांचं उत्पन्न गोळा करण्याच्या हक्काचा लिलाव होऊ लागला.

यात बडव्यांना दुष्ट ठरवायचा आमचा हेतू नाही. जुन्या काळी जवळजवळ प्रत्येक मोठ्या देवस्थानात असंच होतं. धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून जपायची जबाबदारीही याच मंडळींनी उचलली, ही गोष्ट नोंदवायलाच हवी. मुद्दा एवढाच की देवळात कुणी काय करायचं हे जन्मावरून ठरत होतं. आणि जन्मावरून जिथे काम ठरतं, तिथे कुणी आत यायचं नाही हेही जन्मावरूनच ठरतं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ज्याच्या विटेवर देव उभा राहिला असं आपण म्हणतो, त्या पुंडलिकाचं देऊळ चंद्रभागेच्या वाळवंटात आहे. तिथली पूजा परंपरेने महादेव कोळी समाजाकडे आहे. म्हणजे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एका देवळात कोळी पुजारी आणि दुसऱ्या देवळात अस्पृश्याला उंबरठाही बंद. पंढरपूर एका वाक्यात मावत नाही ते असं.

आता दुसरी संस्था, वारी. वारी म्हणजे ठरलेल्या तिथीला ठरलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणं. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या. नवस फेडायला एकदा गेलं तर ती यात्रा, दर वर्षी न चुकता गेलं तर ती वारी. वारकरी व्हायला काय लागतं? गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, मांसमद्य वर्ज्य आणि पंढरीची वारी. यात जन्माची अट नाही. माळ सोनाराच्या गळ्यात पडते तशी शिंप्याच्या, माळ्याच्या, कुंभाराच्या, महाराच्याही गळ्यात पडते. संतांची मांदियाळी आठवा : नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई दासी, कान्होपात्रा गणिकेची मुलगी, आणि चोखामेळा. वर्णाच्या उतरंडीत ज्यांना बोलायचा अधिकार नव्हता, त्या सगळ्यांना मराठीत बोलायची जागा इथे मिळाली.

आज आपण जी पालखी पाहतो ती मात्र बरीच अलीकडची. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून देहूहून सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानेश्वर माऊलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी असलेले सातारकडचे गृहस्थ. त्यांनी वारीला लष्करी शिस्त दिली असं म्हटलं तर चुकणार नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, तंबू, रथापुढच्या २७ दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येक दिंडीचा क्रमांक, मुक्काम, रिंगण, सगळं ठरलेलं. आणि एवढं सगळं करून हैबतबाबांनी स्वतःसाठी जागा कुठली घेतली? आळंदीच्या महाद्वाराची पायरी. नामदेवांनी पंढरपुरात घेतली तीच.

या शिस्तीतली एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप उंच करतो आणि क्षणात लाखभर माणसं गप्प होतात. पण एखाद्या दिंडीवर दिवसभरात अन्याय झालेला असेल, कुणी वाट अडवली असेल, क्रम मोडला असेल, तर ती दिंडी गप्प होत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो, आणि त्यानंतरच टाळ थांबतात. आरती तोवर खोळंबते. म्हणजे तक्रार ऐकल्याशिवाय पूजा पुढे सरकत नाही, अशी ही पद्धत. एवढं लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा इकडे यायचं आहे.

आता चोखोबांकडे वळू. चोखामेळा मंगळवेढ्याचे. पंढरपूरपासून फार लांब नाही. महार जातीत जन्म, गावकीची कामं करून पोट भरायचं. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, चोखोबांसह या पाचही जणांचे अभंग आपल्यापर्यंत आलेले आहेत. आख्खं कुटुंब कवी, आणि तेही चौदाव्या शतकातलं, अस्पृश्य मानलेलं कुटुंब. त्यांच्या अभंगांत भक्ती आहे, तसा थेट प्रश्नही आहे. विटाळ विटाळ म्हणता, पण देह ज्यातून झाला ते काय होतं, असं सोयराबाई विचारते. कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो की आम्हाला या जातीत घातलंस कशाला. हे प्रश्न त्यांनी विचारले ते देवळाच्या बाहेर उभं राहून.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली सापडून चोखोबा गेले. वेठीला धरलेला मजूर बांधकामाच्या दरडीखाली मरतो, ही बातमी आपण आजही वाचतो. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती चोखोबांची, असं म्हणून त्यांनी अस्थी वेचल्या, ही परंपरेतली कथा. त्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांनी चोखोबांना जितकं जवळ आणता येईल तितकं आणलं, असं आम्हाला वाटतं. त्या काळात त्याहून पुढे नेता आलं नाही.

आणि ही जवळची जागाही पुढे डोळ्यांत खुपली. पेशवेकाळात, १७८३ मध्ये, पंढरपूरच्या ब्राह्मणांनी सरकारात तक्रार केली. तिचा मतलब असा : चोखामेळ्याच्या ठिकाणी अस्पृश्य लोक दर्शनाला येतात, जागा अरुंद आहे, गर्दीत स्पर्श होतो, विटाळ होतो. त्यावर हुकूम निघाला की त्यांनी दीपमाळेपासून किंवा आपल्या वस्तीतूनच पूजा करावी. नीट विचार करा, हा वाद देवळात शिरण्याचा नव्हता. आपल्याच संताच्या समाधीपाशी जाण्याचा होता. दाराबाहेरची जागाही मागे सारली गेली.

आता कुणी म्हणेल, अहो पण वारीत तर सगळे समान. तिथे तर एकमेकांच्या पाया पडतात, लहानथोर सगळ्यांना 'माऊली' म्हणतात. ते खरंच आहे, आणि ती साधी गोष्ट नाही. ज्या समाजात सावलीचा विटाळ मानायचे, त्या समाजात एखाद्या ब्राह्मणाने कुणब्याच्या पायाला हात लावायचा आणि त्याने पुन्हा याच्या पायाला, याला फार मोठा अर्थ आहे. पण वारीची समता कुठपर्यंत पोचत होती, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवं. इरावती कर्वे स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात वारीला चालल्या. त्यांचा 'वाटचाल' हा लेख तुम्ही वाचला असेल. त्यात त्या सांगतात की दिंडीत माणसं भजन एकत्र म्हणायची, वाट एकत्र चालायची, आणि जेवायची वेळ आली की ब्राह्मण एकीकडे, मराठे दुसरीकडे. याचं त्यांना रोज वाईट वाटायचं. मराठा बायकांच्या पंगतीत त्या जेवल्या, तेव्हा त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. आणि हे झालं ब्राह्मण-मराठ्यांचं. अस्पृश्यांच्या दिंड्या तर वेगळ्याच चालायच्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे लिहिताना त्यांनी संतांबद्दल जे म्हटलं त्याचा आशय असा : देवापुढे सगळी माणसं समान, हे संतांनी सांगितलं, माणूस माणसाला समान, यासाठी ते लढले नाहीत. आपल्या संतांवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे वाक्य लागतं. पण महाद्वारासमोरची ती चार पावलं पाहिली की त्याला उत्तर देणं अवघड जातं. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी आणल्या, गळाभेट घेतली, पण दार काही उघडलं नाही. त्यांच्यानंतरच्या वारकऱ्यांनीही शतकानुशतकं ते उघडायला लावलं नाही. दर आषाढीला लाखो माणसं चोखोबाच्या समाधीला हात लावून, चोखोबाच्या जातभाईंना बाहेर ठेवून, आत जात राहिली.

हे चित्र बदललं ते १९४७ च्या मे महिन्यात. साने गुरुजी तुम्हा-आम्हाला 'श्यामची आई'मुळे माहीत. मृदू, हळवा, रडवेला माणूस अशी त्यांची प्रतिमा आहे. या मृदू माणसाने ठरवलं की स्वातंत्र्य दाराशी आलेलं असताना पंढरपूरच्या विठोबाचं दार हरिजनांना बंद असेल तर त्या स्वातंत्र्याला अर्थ नाही. १९४६ च्या अखेरीस त्यांनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून ते पुढे ढकललं आणि आधी महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापटांसारखी मंडळी सोबत होती, सेवादलाची कलापथकं होती. गावोगाव सभा झाल्या, कुठे विहिरी खुल्या झाल्या, कुठे देवळं. पण पंढरपूरचं दार उघडेना. मग १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं.

उपोषणाला बसायला जागा मिळेना. पंढरपूर मठांनी भरलेलं गाव, पण या कामासाठी कुणी मठ देईना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. तनपुरे महाराज कीर्तनकार, वारकरी. तेव्हा वारकरी संप्रदाय या लढ्यात कुठे होता या प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. मठाची दारं लावून घेणारेही त्यातलेच होते, आणि गावाचा रोष ओढवून घेऊन मठ उघडणाराही त्यातलाच.

उपोषण दहा दिवस चाललं. मध्येच गांधीजींची तार आली की उपोषण सोडा. त्यांच्यापर्यंत पोचलेली माहिती अपुरी होती. ज्याला गुरू मानायचं त्याचाच नकार आला, तरी गुरुजी नम्रपणे ठाम राहिले. मग दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांशी बोलणी झाली, आणि १० मे रोजी मंदिर खुलं करण्याची संमती मिळाली. गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता हाच गुन्हा ठरवला.

मगाशी सांगितलेली समाजआरतीची रीत इथे आठवा. तक्रार असेल त्या दिंडीने टाळ वाजवत ठेवायचे, आरती खोळंबवायची. आमच्या मते गुरुजींनी त्या दहा दिवसांत हेच केलं. बाहेरून आणलेल्या एखाद्या तत्त्वाने त्यांनी देवळाला वेठीला धरलं असं नाही. ऐका, मगच पूजा पुढे न्या, ही मागणी वारीच्याच रीतीतली. फरक एवढाच की वाटेवरच्या भांडणासाठी असलेली रीत त्यांनी देवळाच्या दारापर्यंत नेली. आणि याच्या आधी सहाशे वर्षं चोखोबाची दिंडी टाळ वाजवतच होती. चोपदार काही आला नव्हता.

दार उघडलं म्हणून मनं लगेच उघडली असं नाही. मंदिर खुलं होण्याआधी मूर्तीतलं देवत्व मंत्राने काढून पाण्याच्या घागरीत ठेवलं होतं, अशी हकिकत पंढरपुरात सांगतात. काही सनातनी मंडळींनी नंतर आत जाणंच सोडलं, असंही सांगतात. म्हणजे आता बाहेर राहायची पाळी त्यांनी स्वतःवर ओढवून घेतली. आणि दुसऱ्या बाजूला, ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांतल्या अनेकांना तोवर त्या दाराची ओढ उरली नव्हती. बाबासाहेबांची वाट वेगळी झालेली होती. पण एक गोष्ट विसरू नका. १९४८ मध्ये त्यांचा अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला : नंदनार, रविदास आणि चोखामेळा. वारीच्या मर्यादा सर्वांत परखडपणे सांगणाऱ्या माणसाने चोखोबांना आपला पूर्वज मानलं होतं.

पुढची पायरी म्हणजे देवळाच्या आतला कारभार. आत जायचा हक्क सगळ्यांना मिळाला, पण देवापाशी उभं राहायचा हक्क जन्मावरच राहिला. भाविकांच्या तक्रारी वाढत गेल्या. १९६८ मध्ये सरकारने बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करून कारभार समितीकडे द्यायचा, हा त्याचा गाभा. अर्थातच प्रकरण कोर्टात गेलं आणि चाललं चांगली चाळीस वर्षं. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा फेटाळला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी अर्ज मागवले, आणि त्यात जातीची किंवा स्त्री-पुरुष असण्याची अट ठेवली नाही. बाकी देवस्थानांच्या मानाने ही फार पुढची गोष्ट होती, पण तिच्यावर चर्चा त्या मानाने कमी झाली.

म्हणजे हिशेब मांडला तर असा : १३३८ ला चोखोबांची समाधी दाराबाहेर. १७८३ ला समाधीपाशीही मज्जाव. १९४७ ला दार उघडलं. २०१४ ला गाभाऱ्यातलं वतन संपलं. यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. 'वारीत सगळे समान' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ही समता जणू पहिल्यापासून होती आणि आपल्याला फुकट मिळाली, असा आपला समज होतो. तसं नाही. वारीने आपल्याला समतेची भाषा दिली, सवय दिली, एकमेकांच्या पाया पडायची रीत दिली. पण तिचा हक्क मात्र उपाशी राहून, कायदा करून, कोर्टात जाऊन मिळवावा लागला. वारीची भाषा नसती तर गुरुजींनी कुठल्या शब्दांत मागितलं असतं? आणि गुरुजींनी मागितलं नसतं तर ती भाषा अभंगाच्या वहीतच राहिली असती. दोन्ही लागतात.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांब असते की बरेच वारकरी पदस्पर्शदर्शन घेतच नाहीत. मुखदर्शन घेतात, नाहीतर नामदेव पायरीला हात लावतात, चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवतात, कळस बघून हात जोडतात आणि परत फिरतात. वीस दिवस चालून आलेला माणूस कळस पाहून समाधानाने घरी जातो, हे बाहेरच्यांना कळत नाही. आम्हाला मात्र त्यात वारीची सगळी थोरवी दिसते. २०२० मध्ये साथीमुळे पालखी निघाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, देऊळ सगळ्यांना बंद होतं, आणि लोकांनी घरातूनच हात जोडले. तेव्हा अनेक जण म्हणाले, देव काय फक्त देवळातच असतो?

बरोबर आहे. पण बाहेरून हात जोडायचं आपण ठरवणं वेगळं, आणि तू बाहेरच उभा राहा असं दुसऱ्याने आपल्याला सांगणं वेगळं. कळस सगळ्यांना सारखाच दिसतो. चोखोबांनाही तो दिसत होता. त्यांना हवा होता तो आत जायचा किंवा न जायचा निर्णय स्वतः घ्यायचा हक्क. पुढच्या वेळी पंढरपूरला जाल तेव्हा महाद्वारासमोर घाई करू नका. समाधीपासून पायरीपर्यंतची ती पावलं मोजत चाला. आणि आपल्या गावात, आपल्या सोसायटीत, आपल्या पंगतीत अजून कोण टाळ वाजवत उभं आहे, कुणाचं गाऱ्हाणं ऐकायचं राहिलंय, एवढं मनाशी विचारा.

इथे थांबतो.